खिंडजाई आणि साळू सुईण

फार वर्षं लोटली त्याला. तेव्हा खडकाळे गावाला जायला एकच वाट होती, दोन डोंगरांमधल्या खिंडीतून. खिंडीच्या तोंडाशी उंबराखाली तांदळा, म्हणजे शेंदूर माखलेला एक बिनघडीव दगड, होता आणि त्याच्यापुढं रोवलेला त्रिशूळ. लोक त्याला खिंडजाई म्हणत. देवीला ना डोळे होते, ना हात. पण महिषासुराला मारणारी ती हीच, हे गावाला ठाऊक होतं. सगळ्या देवांनी आपापलं शस्त्र तिला दिलं आणि रेड्याच्या मानेतून अर्धा बाहेर आलेल्या दैत्याला तिनं संपवलं, हे बाया जात्यावर गायच्या.

त्याच गावात साळू नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातांवर जगात आलं होतं. असं म्हणतात, तिचा हात पोटावर पडला की अडलेलं मूल आपली वाट आपण शोधायचं.

एकदा एक बाई फार अडली. मूल पायाळू होतं. साळूनं जिवाचं रान केलं. मुलगा हाती लागला, पण आई गेली. आईला खाऊन आला म्हणून गावात कुणी त्याला जवळ घेईना. शेवटी बापानं तो गोळा डोंगरापलीकडं म्हशी राखणाऱ्या लोकांना देऊन टाकला. साळू दारात उभी राहून नुसती बघत राहिली.

तो दौल्या. म्हशीच्या दुधावर वाढला आणि रेड्यासारखाच आडदांड झाला. डोक्याला शिंगांचा टोप घालायचा, काळ्याभोर रेड्यावर बसायचा, आणि असं म्हणतात, तो निघाला की धुळीनं सूर्य दिसेनासा व्हायचा. कुणा गोसाव्यानं त्याला सांगितलं होतं, पुरुषाच्या हातून तुला मरण नाही. बाईची त्यानं गणतीच केली नव्हती.

दर सुगीला तो टोळी घेऊन यायचा आणि खळी लुटून न्यायचा. मग एके वर्षी त्यानं सांगावा धाडला, औंदा धान्य नको, गावातल्या पोरी द्या. पुरुष कुऱ्हाडी घेऊन खिंडीपलीकडं गेले. त्यांच्यातला एकही परतला नाही.

बाया उंबराखाली जमल्या. पोरींना मधे घेऊन बसल्या. कुणाच्या डोळ्यांत पाणीही उरलं नव्हतं. पाटलाची विधवा सून कोंडाबाई साळूला म्हणाली, "माय, तू त्याला जगात आणलंस. तुझं ऐकंल तो."

"आणि नाही ऐकलं तर?" साळूनं विचारलं.

कोंडाबाईनं आपला कोयता काढून तिच्या पायाशी ठेवला. दुसरीनं मुसळ ठेवलं. कुणी विळा ठेवला, कुणी खुरपं, कुणी विहिरीचा दोर. साळूनं सगळ्यांवरून हात फिरवला, पण घेतलं काहीच नाही. तिनं देवीपुढचा त्रिशूळ उपसला आणि ती खिंडीत जाऊन उभी राहिली.

धूळ उसळली. दौल्या आला. वाटेत एकटी म्हातारी बघून त्यानं रेडा थांबवला.

"कोण गं तू?"

"साळू सुईण. तुझे पाय आधी माझ्या हाताला लागले होते."

दौल्या रेड्यावरून खाली वाकला. मग म्हणाला, "त्या दिवशी मला आतच का नाही मरू दिलंस?"

"तेव्हा तुझ्या मुठी रिकाम्या होत्या रे, बाळा. मागं फीर."

"तुला सोडतो. पोरी नेल्याबिगर फिरत नाही." असं म्हणून त्यानं रेड्याला टाच मारली.

पुढचं उंबराखालच्या बायांनी पाहिलं. असं म्हणतात, साळू खिंडीएवढी उंच झाली. तिला आठ हात फुटले, आणि एकेका हातात त्यांचा कोयता, त्यांचं मुसळ, त्यांचा विळा लखलखत होता. दोर रेड्याच्या शिंगांत पडला. तिचा पाय त्याच्या मानेवर आला आणि रेडा गुडघ्यांवर बसला. त्याच्या अंगाखालून दौल्या अर्धा बाहेर निघाला, तेव्हा साळूनं डाव्या हातानं त्याचं डोकं धरलं. मूल बाहेर येताना धरतात तसं. उजव्या हातातला त्रिशूळ तिनं खाली आणला.

टोळी पळाली. बाया धावत गेल्या तर साळू पुन्हा साधी म्हातारी झाली होती. दौल्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्यात थोडी धुगधुगी होती.

"तेल आणा गं," ती म्हणाली. "तान्हेपणी याची टाळू कुणी तेलानं भरलीच नाही."

कोंडाबाईचा नवरा याच खिंडीपलीकडं पडला होता. तरी ती घरी गेली आणि वाटी भरून तेल घेऊन आली. साळूनं ते त्याच्या टाळूवर हळूहळू जिरवलं. वाटी संपली, तेव्हा तोही संपला होता. साळू उठली, खिंडीतून चालत गेली आणि पुन्हा कोणाला दिसली नाही.

पुढं गावानं देवीची मूर्ती घडवून घेतली. तिच्या हातांत तलवार नाही, चक्र नाही, घरोघरची अवजारं आहेत. इतर ठिकाणी देवीनं दैत्याचे केस ओढून धरलेले असतात. इथं तिचा तळवा त्याच्या डोक्याखाली आहे, आणि तिचा चेहरा रागाचाही नाही, आनंदाचाही नाही.

खडकाळ्यात आजही अष्टमीला देवीची ओटी भरण्याआधी महिषासुराच्या टाळूवर तेल घालतात. तो मान गावातल्या सुईणीचा. आता दवाखान्यातल्या नर्सबाई येऊन घालतात. आणि गावात एखादं मूल आईवेगळं झालं, तर एक वाटी दारोदार फिरते. प्रत्येक घर तीत थोडं तेल घालतं. तिला साळूची वाटी म्हणतात, आणि तिला कुठलंही दार बंद नसतं.