काजळ्याच्या टांग्यातली पोती

फार पूर्वी, तबेल्यात पारवा आणि काजळ्या या दोन घोड्यांचा रोजचा दाणा-चारा चालला असताना कावळा बातमी घेऊन आला. "जत्रेच्या शर्यतीला पारवाच जाणार! सरावात काजळ्या केवढा मागं पडला!" निवड न झालेला घोडा चुना दळायच्या घाणीला जुंपला जाणार होता.

शेळी म्हणाली, "अरे, काजळ्याच्या टांग्यात वाळूची पोती होती. पारव्याचा टांगा रिकामा होता."

"शेळीबाई, पोती तुम्ही बघा. वेगातलं आम्हाला कळतं!" कावळा म्हणाला.

तबेल्यातली जाणकार मंडळी खिदळली. काजळ्या घाणीवर गेला.

शर्यतीत सगळ्या टांग्यांत सारखंच ओझं भरलं. पारव्याच्या तोंडाला अर्ध्या वाटेतच फेस आला. "वारा उलटा होता," असं म्हणून कावळा पुढच्या वर्षीचा विजेता सांगू लागला. जाणकार मंडळी माना डोलावत ऐकत राहिली.

काजळ्याला सोडवून आणायला कोणीही गेलं नाही.