कोंडी जिथे सुटते

एकदा एक वृद्ध अभियंता आपल्या शिष्येला घेऊन, दोन महामार्ग जिथे एकमेकांना मिळतात, अशा उड्डाणपुलापाशी आला. पुलाच्या उतारावर रोज सकाळी मैलभर कोंडी होई. शिष्येने आठ दिवस त्या कोंडीत उभे राहून गाड्या मोजल्या होत्या. उभ्या गाड्या मोजायला सोप्या, एवढाच त्यातला फायदा. तिचा निष्कर्ष तयार होता : उतार अरुंद आहे, रुंद करावा. त्या रुंदीकरणात कडेची अकरा घरे जाणार होती. त्यांच्या भिंतींवर लाल खुणाही झाल्या होत्या. उरली होती फक्त तिची सही.

वृद्धाने अहवाल वाचला, घडीची खुर्ची काखेत मारली आणि कोंडी मागे टाकून, पार पुढे मोकळ्या रस्त्याच्या कडेला जाऊन बसला.

"सर, कोंडी तिकडे आहे," शिष्या म्हणाली. "इथे बघण्यासारखं काहीच नाही."

"म्हणून तर इथून कुणी बघितलं नाही. मागे बघ."

ती मनातून चिडली होती, तरी बघू लागली. उतार महामार्गाला मिळतो, तिथून जेमतेम पन्नास पावले पुढे एक चिंच होती. चिंचेच्या सावलीत प्रवासी, आणि प्रवाशांसाठी एकीमागे एक थांबलेल्या वडाप जीपा. डावी बाजू अडलेली. उतारावरून येणारा प्रत्येक जण उजवीकडे घुसे, उजवीकडचा कचकन ब्रेक दाबे. चिंच ओलांडली की मात्र सगळे सुसाट.

"रांगेत उभं राहिलं की रांगच दिसते गं," वृद्ध म्हणाला. "गाड्या जिथून पळायला लागतात, त्याच्या जरा अलीकडे दुखणं असतं. उतार दुप्पट केलास, तर दुप्पट गाड्या या चिंचेपाशी येऊन अडतील. घरं जातील, कोंडी राहील."

शिष्या सरळ चिंचेखाली गेली. "दादा, जीप तीनशे पावलं पुढे लावाल का? तिथे रस्त्याबाहेर मोकळी जागा आहे."

चालक हसला. "लावतो की मॅडम. सावली तेवढी पुढं नेऊन द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांडववाल्यालाच घेऊन आली. मोकळ्या जागेत कापडी मांडव पडला, पाण्याचा माठ बसला. प्रवासी तिकडे सरकले, त्यांच्यामागून जीपा. ती मोकळ्या रस्त्यावर उभी राहून पुन्हा मोजू लागली. पळत्या गाड्या मोजताना डोळे दुखून येतात, पण तिने सलग पाच सकाळी मोजणी केली. पाचही दिवस उतारावर रांग लागली नाही.

नवा अहवाल वरिष्ठांपुढे गेला. मांडवाच्या जागी कायमची पत्र्याची शेड बांधावी, एवढेच त्यात सुचवले होते. त्यांनी तो उलटून पाहिला. "आठ दिवस मोजून हे? एक पत्र्याची शेड?"

"तेरा दिवस, सर."

"आणि रुंदीकरण?"

"नको," ती म्हणाली, आणि नव्या अहवालावर सही केली.

काम अडले की आपण अडल्या जागीच जोर लावतो. थोडे पुढे जाऊन मागे वळून पाहावे.