तिसरं पाणी

भांडी अजून बोलत होती तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठी रंगाऱ्यांचा कारखाना होता. तिथले हंडे रंगवलेल्या कापडाचं प्रत्येक लाल थान तीन पाण्यांतून धुऊन काढायचे आणि तिन्ही पाणी ओढ्यात ओतायचे.

एकदा छोट्या हंडीला तिसरं पाणी जवळजवळ नितळ दिसलं. तिने ते पुढच्या थानाच्या पहिल्या धुण्याला वापरलं. मग टाकायला कमी पाणी उरायचं. तेही तिने दोन दिवस ठेवून पाहिलं, तर तळाशी रंग बसला होता.

"काका, हा रंग पुन्हा वापरता येईल!" ती थोरल्या हंड्याला म्हणाली.

हंडा खवळला. "ओढा लाल दिसला की चार गावांना कळतं, रंगारी कामात आहेत. तो नितळ वाहिला तर लोक काय म्हणतील?" त्याने धक्का देऊन तिला उपडं केलं.

दोन वर्षांत ओढ्याची लाली झिरपून रंगाऱ्यांच्या विहिरीत उतरली. पिवळं थानसुद्धा तांबूस निघू लागलं. ते पाणी पिऊन गुरं मेली, मग एक तान्हं पोर गेलं. रंगाऱ्यांनी बिऱ्हाडं उचलली. भांडी तिथेच राहिली.

त्या वर्षी ओढा नितळ वाहिला.

"आता लोक काय म्हणतील?" हंडा पुटपुटला.

उपडी हंडी म्हणाली, "कोण लोक, काका?"