अकरा शहरांचं दही

"सात दिवस, अकरा शहरं! एकही गळलं तर खबरदार!" चिंचवणच्या तात्यासाहेब महाराजांनी यादी भिरकावली, ती थेट म्हाताऱ्या लखू फरासाच्या पायांवर पडली.

लखू तीस वर्षं महाराजांचं सामान बांधत होता. विलायतेचं वेळापत्रक बांधणं काही त्याचं काम नव्हे. पण दिवाणजींनी हात टेकले होते, कारकुनांना अचानक ताप आला होता, म्हणून यादी घरंगळत फरासखान्यात पोचली.

"आमचे मेहुणे दहा दिवसांत दहा शहरं पाहून आलेत. उठता-बसता ऐकवतात!" महाराज गरजले. "परवापर्यंत वेळापत्रक बांध. नाहीतर आमच्या बेचाळीस ट्रंका अकराही शहरांत तू एकट्यानं वाहायच्या!"

लखूची कंबर दसऱ्यापासून धरलेली. घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. त्याची लेक द्वारकी हिनं त्याच्या हातातली यादी काढून घेतली. एक ट्रंक उचलली तरी आबा अंथरूण धरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं ती वाचली. मंगळवारी सकाळी पॅरिस, दुपारी झ्युरिक, संध्याकाळी व्हेनिस!

"अगंबाई! ही सहल आहे की आग लागल्यावरची पळापळ?" ती म्हणाली आणि पदर खोचून राजवाड्याकडे निघाली.

"महाराज, वेळापत्रक झालं म्हणून समजा! पण घोडा घेण्याआधी एक फेरी मारून बघतातच ना? तशी उद्या वाड्यातच तालीम करू. दिवाणखाना म्हणजे लंडन, मुदपाकखाना म्हणजे पॅरिस, गोठा म्हणजे व्हेनिस..."

"गोठा व्हेनिस कसा गं?"

"पाणी साचलंय, महाराज."

बांबूच्या पडद्याआडून महाराजांच्या मातोश्रींचा, आईसाहेबांचा आवाज आला, "आणि घराण्याची रीत? गाव सोडताना हातावर दही पडलंच पाहिजे. मग अकरा शहरं असोत नाहीतर एकशे अकरा!"

"पडणार तर, आईसाहेब!" द्वारकी म्हणाली. "मी घागरभर विरजण लावते."

दुसऱ्या दिवशी मजा बघायला मेहुणेराजेही आपली प्रवासाची वही बगलेत मारून हजर झाले. महाराज लंडनात शिरले. बेचाळीस ट्रंका आल्या. देवांची पेटी उघडली, फेट्यांची उघडली, अडकित्त्यांची उघडली. एवढ्यात द्वारकीनं घंटा बडवली.

"लंडन झालं! गाडी सुटली!"

"अगं, आम्ही अजून फेटासुद्धा बांधला नाही!"

"पॅरिसात बांधा!"

ट्रंका बंद झाल्या. हातावर दही पडलं. मुदपाकखान्यात ट्रंका पुन्हा उघडल्या, शेवटचं झाकण निघालं न निघालं तोच घंटा! पुन्हा दही. महाराज धापा टाकत गोठ्यात पोचले, तिथून निघताना तिसऱ्यांदा दही खाल्लं आणि त्यांचं नाक हुळहुळलं.

"आक्... छी!"

"निघताना शिंक!" आईसाहेब ओरडल्या. "बसा खाली! पाणी प्या, मग नव्यानं निघा!"

महाराज बसले, पाणी प्यायले, उठले. नव्यानं निघायचं म्हणजे नव्यानं दही आलंच! दही खाल्लं की शिंक. शिंक आली की बसणं. बसून उठलं की दही! दुपार झाली तरी महाराज व्हेनिसातच, आणि कपिला गाय त्यांच्या उपरण्याचं टोक चघळते आहे.

"किती शहरं झाली?" महाराजांनी गेंगाण्या आवाजात विचारलं.

"अडीच, महाराज. काय काय पाहिलंत?"

"ट्रंका आणि दही!"

मेहुणेराजे खो खो हसले. "आम्ही मात्र दहा पाहिली बरं का!"

द्वारकीनं त्यांना लवून मुजरा केला. "राजेसाहेब, रोममध्ये काय पाहिलंत?"

"रोम? थांब, वहीत बघतो." त्यांनी पानं उलटली. "हं! नऊ दहाला पोचलो, नऊ चाळीसला निघालो."

"आणि मधे?"

"मधे ट्रंकेची किल्ली हरवली होती. पण सापडली हो!"

महाराजांना हसू फुटलं, पण लगेच चेहरा पडला. "हसतोय खरा, पण आम्ही एक जरी शहर कमी पाहिलं, तर हे जन्मभर टोमणे मारतील."

द्वारकीनं कनवटीचा कागद काढला. लंडन दोन दिवस, पॅरिस तीन, व्हेनिस दोन, आगगाडीचा वेळ त्यातच धरलेला. ट्रंका फक्त चार. एक दुपार तर चक्क कोरी, पाय दुखले तर बसायला! आणि खाली रेघ मारून उरलेली आठही नावं.

"ही आठ कशाला?"

"एकही गळता कामा नये, असा हुकूम होता ना? गाळलं नाही महाराज, राखून ठेवलंय! मेहुणेराजांचं सगळं पाहून संपलं. बिचाऱ्यांनी आता जावं कुठं? आपल्या पदरी मात्र अजून आठ शहरं शिल्लक आहेत!"

मेहुणेराजांनी हळूच वही मिटली. महाराज असे हसले, असे हसले, की कपिला दचकून दोन पावलं मागं सरली.

"माग, पोरी, काय हवं ते माग!"

"आबांच्या पाठीला विसावा."

"दिला! घर त्याचं, पगार चालू, ट्रंकेला हात लावायचा नाही! आणि तू आमच्याबरोबर विलायतेला यायचं. घंटा तुझ्याच हातात!"

महिन्याभरानं निघायचा दिवस उजाडला. चार ट्रंका बग्गीत चढल्या. द्वारकीनं महाराजांच्या हातावर दही ठेवलं. महाराजांनी ते खाल्लं, "चला!" म्हणाले आणि एक पाय पायरीवर ठेवला.

"आक्... छी!"

सगळे खाली बसले. सगळ्यांत आधी, हसत हसत, महाराज.