पाऊण फेरा

एकदा एक तरुण आपल्या मोटारीची चाकं घरच्या अंगणात, स्वतःच्या हातांनी जुळवायला शिकला. त्याचं नाव कैवल्य मगदूम. तो तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होता आणि त्याच्याकडे एकच जुनी मोटार होती. आठवडाभर ती त्याला कामावर ने-आण करी आणि महिन्यातल्या एका रविवारी गावापासून अठरा किलोमीटरवर, माळावर बांधलेल्या शर्यतीच्या ट्रॅकवर धावे.

त्याला ही विद्या शिकवली यल्लाप्पा लोहार यांनी. वय बहात्तर. सारा गाव त्यांना अण्णा म्हणे. जुळणीची संगणकी यंत्रं येण्याआधी अण्णा हे काम दोऱ्यांवर करत. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणायच्या आणि चाकाची पुढची कड दोरीपासून किती दूर, मागची किती दूर, ते पोलादी पट्टीने मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण अण्णांनी कैवल्यला पहिले दोन रविवार गाडीला हातच लावू दिला नाही. पाण्याची नळी घेऊन अंगणातली फरशी चारही चाकांखाली समपातळीत आहे का, एवढंच बघायला लावलं. पुढे दोऱ्या आल्या, ओळंबा आला. चालकाच्या जागी त्याच्याच वजनाइतकी गव्हाची पोती ठेवून मापं घ्यायची, हेही आलं. कैवल्यने सगळं मनापासून केलं.

रस्त्याची जुळणी आणि ट्रॅकची जुळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला अण्णांकडूनच कळलं. रस्त्यावर पुढची चाकं पुढच्या टोकाला किंचित आत झुकलेली असावीत, म्हणजे गाडी सरळ रेषा धरून ठेवते. ट्रॅकवर तीच चाकं किंचित बाहेर उघडली, तर गाडी वळणात झटकन शिरते. मात्र सरळ रस्त्यावर ती अधीर होते, जराशा धक्क्यानेही इकडेतिकडे बघू लागते. एका जुळणीतून दुसरीत जायला चाकांना जोडलेल्या दोन्ही दांड्या पाऊण फेरा फिरवाव्या लागत. अण्णांनी दांड्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करून दिल्या होत्या, त्यामुळे दरवेळी दोऱ्या ताणण्याची गरज नव्हती. त्यांचा नियम एकच होता. आपली शेवटची फेरी संपली की गाडी थंड व्हायची वाटसुद्धा बघायची नाही. आधी दांड्या परत फिरवायच्या, मग बाकी काय ते.

वर्षभर कैवल्यने हा नियम पाळला. मग एकदा कंटाळा आला म्हणून त्याने गाडी तशीच घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दांड्या फिरवल्या. काही झालं नाही. पुढे आणखी दोनदा तसंच केलं. तेव्हाही काही झालं नाही. अण्णांना त्याने हे सांगितलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी ट्रॅकवर छोटी स्पर्धा होती. कैवल्यची शेवटची फेरी अकराला संपली, तीही त्याच्या आजवरच्या सर्वांत कमी वेळात. मित्रांनी त्याला घेरलं. मंडपाच्या सावलीत उसाचा रस आला, गप्पा रंगल्या. गाडी बाजूला उभी होती.

साडेबाराच्या सुमारास वेळ नोंदण्याच्या मचाणावरून कुणीतरी हाका मारू लागलं. तिथे सदलगे सर बसत. शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक, हातात घड्याळ घेऊन दर स्पर्धेला विनामोबदला येणारे. ते छाती धरून खाली बसले होते, अंगाला दरदरून घाम फुटला होता. त्यांची मुलगी मृणाल त्या दिवशी सहज त्यांच्याबरोबर आली होती. ती शिडीवरून वर धावली.

ट्रॅकवरची रुग्णवाहिका खांद्याचं हाड मोडलेल्या एका स्पर्धकाला घेऊन बारालाच गेली होती. दवाखान्याला फोन लागला. दुसरी गाडी पाठवली तरी पोहोचायला पस्तीस मिनिटं लागतील, त्यापेक्षा तुम्हीच घेऊन निघा, असं तिकडून सांगितलं. बाकीच्या मोटारी शर्यतीच्या होत्या. त्यांत चालकाखेरीज दुसरी बैठक नव्हती आणि त्या ट्रॉलीवर लादून आणलेल्या होत्या. मागे माणूस आडवा होऊ शकेल अशी वेगवान गाडी एकच होती.

कैवल्य किल्ली घेऊन धावला. स्पर्धा बघायला आलेले अण्णा गाडीजवळच उभे होते. त्यांनी पुढच्या चाकाकडे पाहिलं, मग कैवल्यकडे, आणि हात पुढे केला.

“किल्ली दे.”

अण्णांना कदाचित स्वतः चालवायचं असेल, असं वाटून त्याने ती दिली. अण्णांनी किल्लीने स्टिअरिंग मोकळं करून ते एका बाजूला पूर्ण वळवलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली, डिकीतून दोन पाने काढले आणि ते चाकाच्या मागे जमिनीवर आडवे झाले.

कैवल्यला क्षणभर काही कळेना. मग पान्याचा आवाज आला आणि त्याच्या लक्षात आलं. तो खाली वाकून सांगू लागला की अण्णा, आत्ता नको, मी सांभाळून नेतो, मला सवय आहे. पान्याचा आवाज चालूच राहिला. समोरून चार जण सदलगे सरांना खुर्चीत बसवून शिडीवरून एकेक पायरी उतरवत होते. सरांची मान एका बाजूला पडली होती, डोळे मात्र उघडे होते.

त्यांना खाली आणून मागच्या बैठकीवर निजवेपर्यंत चार मिनिटं गेली. तोवर अण्णांची एक बाजू झाली होती. ते उठले, स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला फिरवलं आणि पुन्हा आडवे झाले.

आता सगळे फक्त त्यांचीच वाट बघत होते. बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या मृणालला आधी गाडी का निघत नाही हेच समजेना. समजल्यावर ती दार उघडून खाली उतरली. तिने बॉनेटवर हात आपटला. माझे वडील आत मरताहेत आणि तुम्ही नट कसले फिरवताय, असं ती म्हणाली. जमलेल्यांपैकी दोघे जण म्हाताऱ्याला पाय धरून बाहेर ओढायला पुढे झाले. कैवल्य मध्ये उभा राहिला. का उभा राहिला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

गाडीखालून अण्णांचा आवाज आला, नेहमीसारखाच. “खूण जुळली. लॉक नट आवळतो.”

ती तीन मिनिटं होती. अण्णा उठले, किल्ली कैवल्यच्या हातात ठेवली आणि शेजारी बसले.

“आता सोड. मला विचारू नकोस किती वेगाने.”

रस्ता कोरडा होता. कैवल्यने रस्त्यावर कधी नेली नव्हती इतक्या वेगाने गाडी नेली. मागून मृणाल वडिलांशी बोलत होती, त्यांना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं विचारत होती, म्हणजे ते जागे राहतील. सर एखादं नाव सांगत, मग थांबत. थांबले की गाडीत कुणी श्वास घेत नसे.

साखर कारखान्याच्या फाट्यापाशी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बाजूच्या रस्त्यावरून न थांबता वर आला. कैवल्यने ब्रेक दाबला. अर्धा रस्ता ट्रॅक्टरने व्यापला होता. उरलेल्या अर्ध्यातून जायचं तर डावी चाकं खडीवर उतरवावी लागणार होती. ती उतरली. उजवी डांबरावर, डावी सुट्या खडीवर, मागे दोन माणसांचा भार आणि काट्यावर नव्वदचा वेग. स्टिअरिंग त्याच्या तळहातांत एकदा थरथरलं. गाडी कुठल्या बाजूला जावं याचा विचार करते आहे असं त्याला वाटलं. मग तिने सरळ रेषा धरली. ट्रॅक्टर मागे पडला, डावी चाकं पुन्हा डांबरावर आली. मृणालला काही घडल्याचं कळलंही नव्हतं. ती विचारत होती, “बाबा, तो उंच उडी मारणारा कोण होता?”

दवाखान्यात सरांना लगेच आत घेतलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. धमनीतला अडथळा काढला आहे, पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत, पण वेळेत आणलंत, असं त्यांनी सांगितलं.

मृणाल भिंतीला टेकून जरा वेळ उभी राहिली. मग ती अण्णांसमोर आली. तिने आवाज चढवला नाही.

“त्या तीन मिनिटांत काही झालं असतं तर?”

“तर ते माझ्यावर होतं, बाळ,” अण्णा म्हणाले. “जन्मभर राहिलं असतं.”

ती आतल्या दारापाशी जाऊन बसली.

बाकावर गुरू आणि शिष्य दोघेच उरले. कैवल्यने मान खाली घालून सांगून टाकलं की त्याने याआधी तीनदा ट्रॅकची जुळणी तशीच ठेवून याच रस्त्याने गाडी घरी नेली होती. तिन्ही वेळा काही झालं नव्हतं. म्हणून आजही होणार नाही असं त्याला वाटलं. आणि त्या फाट्यावर, खडीवर चाक उतरलं तेव्हा, तीच जुळणी असती तर काय झालं असतं ते त्याच्या हातांना कळलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तीनदा नेलीस तेव्हा तू एकटा होतास आणि तुला घाई नव्हती. गाडीने तुला सांभाळून घेतलं. माणूस त्यालाच स्वतःचं कसब समजतो. ज्या दिवशी मागे कुणाचा जीव असतो आणि पाय खाली दाबलेला असतो, त्या दिवशी गाडी काही सांभाळून घेत नाही. आपण तिला जशी जुळवली असेल तशीच ती वागते. तुला हे तिथे उभं राहून समजावायला वेळ नव्हता. आणि तुला निवड करायला लावली असती तर तीन मिनिटांचं ओझं तुझ्या डोक्यावर आलं असतं. म्हणून किल्ली मागून घेतली.”

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. अंगावरच्या पांढऱ्या सदऱ्याला पाठभर माती लागली होती.

कैवल्य त्यांच्याकडे बघत राहिला. अण्णांनी सगळं सांगितलं होतं, पण एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याची शेवटची फेरी अकराला संपली होती. सर साडेबाराला कोसळले. मधला दीड तास तो सावलीत बसून रस पीत होता आणि गाडी त्याच्यापासून वीस पावलांवर उभी होती. दांड्या फिरवायला सात मिनिटं पुरली असती. सरांना खाली आणल्याबरोबर गाडी निघाली असती. एका मुलीने तिच्या आयुष्यातली सर्वांत लांब तीन मिनिटं बॉनेटपाशी उभं राहून काढली, ती अण्णांनी घेतलेली नव्हतीच. अण्णांना हे पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. तरी त्यांनी तिच्यासमोर ती आपल्या नावावर घेतली होती.

तो बाकावरून उठला. आतल्या दारापाशी मृणाल गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. तो तिच्यापासून जरा अंतरावर उभा राहिला आणि म्हणाला, “त्या तीन मिनिटांबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे. अण्णांकडून नाही, माझ्याकडून.”

तिने मान वर केली, आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. कैवल्य तिथे बसला आणि अकरा वाजल्यापासूनचं सगळं, काही न वगळता, सांगू लागला.