धोंडाआत्याची ढोली

त्या राज्यात ढोली मिळायची ती कुळावरून. वाऱ्याचे दिवस जवळ आले की म्हातारा धनेश पक्षी फांदीवर बसून सगळ्यांची कुळं ठरवी. उडणाऱ्यांना वरच्या उबदार ढोल्या, चालणाऱ्यांना मुळांतली बिळं. ज्याचं कूळ ठरलं नाही, त्याने वारा अंगावर घ्यायचा.

खवलेशेपट्यांचं कूळ कधी ठरलंच नाही. चेहऱ्याने ते खारींसारखे होते. हातापायांमधला कातडीचा पडदा ताणून झाडाझाडांतून तरंगत जात. पण शेपटीच्या बुडाशी, खालच्या अंगाला, त्यांना टोकदार खवले होते. उडत्या खारींची थोरली रेशमाबाई म्हणायची, "आमचा पडदा ताणून धरणारी काडी निघते मनगटातून, यांची कोपरातून. असले कोपरवाले आमच्यात नकोत." मग खवल्यांचं नातं सांगत ते खवलेमांजराकडे गेले. त्याने त्यांच्या शेपट्या उलटून पाहिल्या आणि म्हणालं, "एवढेच? उरलेले घरी ठेवून आलात का?"

लवंगीला या थट्टेचं हसू येत नसे. मागच्या वाऱ्यात तिची पिल्लं फांदीवरून पडता पडता वाचली होती. यंदाही दोन पिल्लं पोटाशी होती.

कुटुंबाचा कारभारी तात्या. त्याने सगळ्यांना जवळ बोलावलं. "उडत्या खारींत शिरायचं तर दोन गोष्टी लपवायला हव्यात," तो म्हणाला. "खवले आणि धोंडाआत्या."

धोंडाआत्याला तोंड त्यांचंच, शेपटी त्यांचीच, खवलेही तेच. पडदा मात्र नव्हता. ती पायांनीच चढायची, पायांनीच उतरायची. पांढऱ्या सालीच्या एका गुळगुळीत झाडाच्या मध्यावर तिची प्रशस्त ढोली होती. तिथे बाकी कुणाचा पाय फार वेळ टिकत नसे, म्हणून ती धनेशाच्या वाटणीत कधी आलीच नव्हती. मागच्या साली आत्याने सगळ्यांना राहायला बोलावलं होतं. तात्या म्हणाला होता, "न उडणारीच्या घरात राहिलो, तर आपल्याला उडणारे कोण म्हणेल?"

निवाड्याच्या सकाळी सगळ्यांनी उंबराच्या चिकाने शेपटीखाली पानं चिकटवली. लवंगीनेही चिकटवली. पिल्लं मात्र कुणाजवळ तरी ठेवायला हवी होती. ती पांढऱ्या झाडाच्या मुळाशी बसलेल्या आत्याकडे गेली.

"ठेव हो," आत्या म्हणाली. "आणि धनेशाने विचारलं, तर मी कोण लागते म्हणून सांगायचं?"

लवंगी खाली पाहू लागली. "तात्या म्हणतात, ओळख दाखवायची नाही."

"बरं झालं. ओळखीच्यांची पिल्लं फार रडतात." आत्याने दोन्ही पिल्लं कुशीत घेतली. "जा, उशीर होईल. आणि ते पान नीट कर, डावीकडे सुटलंय."

लवंगीने पान नीट केलं. करताना तिला स्वतःची लाज वाटली, पण वाऱ्याची भीती त्याहून मोठी होती.

धनेशाने परीक्षेला नेमकं ते पांढरं झाडच निवडलं. मोकळं होतं, सगळ्यांना दिसणारं होतं. रीत अशी की तरंगत यायचं आणि खोडाला क्षणभर चिकटून धनेशाला नमस्कार करायचा.

आधी तात्या निघाला. काय सुरेख तरंगला! रेशमाबाईसुद्धा मान उंचावून बघू लागली. खोडावर त्याने चारी पाय टेकले, शेपूट दाबली आणि नमस्कारासाठी हात जोडले. तसाच हात जोडलेला तो सावकाश खाली सरकू लागला.

"हा नमस्कार कुठवर चालणार आहे?" रेशमाबाईने विचारलं.

मागून काका आले, मावशी आली, लवंगी आली. ज्या खवल्यांच्या जोरावर ते जन्मभर खोडाला टेकून राहिले होते, ते पानांखाली झाकलेले. एकेक करून सगळे घसरले आणि मुळाशी एकावर एक साचले.

अरण्य हसलं. धनेशाने चोच वळवली. "उडणाऱ्यांत नाही," तो म्हणाला. "पुढचे या."

वर आभाळ भरून आलं होतं. झाडांचे शेंडे हलू लागले होते. तात्या कुणाकडे बघेना.

मध्यावरच्या ढोलीतून आत्याचं तोंड बाहेर आलं. "पिल्लं भुकेली आहेत गं, लवंगी," ती म्हणाली. "आणि ती झाडपाल्याची लंगोटी खालीच ठेवून या. मी आत्ताच झाडून काढलंय."

लवंगी उठली. सगळ्यांच्या देखत तिने पानं ओढून काढली, चिकासकट, थोडे केसही गेले. "ही माझी आत्या," ती धनेशाला म्हणाली, "पिल्लं हिच्याकडेच आहेत." मग ती खोडाला भिडली. शेपूट टेकली, पाय वर सरकवले, पुन्हा शेपूट टेकली. खाली पानं ओढल्याचे आवाज येऊ लागले. सर्वांत शेवटी, कुरकुरत, तात्या निघाला. पोट ढोलीच्या तोंडाशी अडकलं, तेव्हा आत्याने त्याला कान धरून आत घेतलं.

वारा सुटायच्या आत धनेश त्या झाडाजवळ आला. एवढं कूळ ठरवल्यावाचून राहिलं, हे त्याच्या चोचीला रुचलं नव्हतं. आतून पिल्लांचा दंगा आणि तात्याचं घोरणं ऐकू येत होतं. पांढऱ्या सालीवर बुडापासून ढोलीपर्यंत खवल्यांचे टोचे उमटले होते. आत्याचे रोजचे, बाकीच्यांचे आजचे.

धनेशाने मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. चोच एकेका टोच्यावर ठेवत तो वर गेला, पुन्हा खाली आला.

"यातले उडणाऱ्यांचे कुठले?" त्याने अखेर ढोलीला विचारलं.

"शोधा सावकाश," आतून आत्या म्हणाली.

तो पुन्हा पहिल्या टोच्यापासून बघू लागला.