एक जिन्नस कमी

अमेरिकेच्या दक्षिण भागात, पीचच्या बागांमध्ये वसलेल्या एका लहान गावात लुव्हीनिया नावाची बाई राहायची. गाव कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं. कुणी बागेत राबायचं, कुणी कापसाच्या शेतात. लुव्हीनियाही राबायची, पण पंचक्रोशीत तिचं नाव झालं होतं ते तिच्या बार्बेक्यू सॉसमुळे.

सॉस म्हटल्यावर दुकानातली बाटली डोळ्यांपुढे आणू नका. हा सॉस घरी, मोठ्या पातेल्यात, मंद आचेवर तासन्‌तास शिजायचा. त्यात टोमॅटो, कांदा, व्हिनेगर, काकवी, मोहरीची पूड आणि लाल मिरची असायची. गावातली माणसं जमिनीत चर खणून त्यात लाकडाचे निखारे पाडत, त्यावर डुकराचं मांस दहा-बारा तास भाजत आणि मग हा आंबट, गोड, तिखट सॉस त्यावर ओतत. खाणारा बोटं चाटत बसायचा आणि शेजारी कोण बसलंय हेही विसरायचा.

लुव्हीनिया सॉसची कृती कुणालाही सांगायची. त्यात हात आखडता घेत नसे. फक्त एक जिन्नस सांगत नसे. मुरवलेल्या पीचच्या बरणीत लवंग-दालचिनीच्या वासाचा जो दाट रस उरतो, तो ती अगदी शेवटी वाटीभर घालायची. त्या वेळी स्वयंपाकघरात जे कुणी असेल, त्याला नेमकं बाहेरचं काम निघायचं.

"जरा विहिरीवरून पाणी आण गं."

पाणी येईपर्यंत रस पातेल्यात आणि बरणी फडताळात.

हा नियम तिच्या पणजीचा. पणजी गुलाम होती आणि मालकाच्या घरी रांधायची. एके दिवशी मालकीण वही घेऊन तिच्या शेजारी बसली. तिनं सॉसची सगळी कृती वदवून घेतली, आणि पुढे पाहुण्यांना "ही माझी कृती" म्हणून मिरवू लागली. पणजीला नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं गुपचूप एक जिन्नस गाळला. मालकिणीचा सॉस जन्मात कधी तसा झाला नाही. छान झालं, असंच मी म्हणेन.

पणजीनं लेकीला सांगितलं, "सगळं सांग, एक ठेव." लेकीनं तिच्या लेकीला सांगितलं. असं होत होत ते लुव्हीनियापर्यंत आलं. गोष्ट तिला पाठ होती. तिच्यावर विचार करावा, असं मात्र तिला कधी सुचलं नव्हतं.

लुव्हीनियाच्या शेजारच्या घरात ओझेला राहायची. दोघी लहानपणापासूनच्या जिवाभावाच्या मैत्रिणी. चर्चमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहून गात. लुव्हीनियाचा नवरा वारला, तेव्हा ओझेला महिनाभर तिच्याकडेच राहिली आणि तिनं मैत्रिणीला अक्षरशः घास भरवून जगवलं. ओझेलाच्या हातालाही चव होती. तिच्या मक्याच्या पावासाठी लोक चर्चची प्रार्थना जरा लवकर संपावी म्हणून मनातल्या मनात वेगळीच प्रार्थना करत.

एका हिवाळ्यात ओझेला शिकागोला, लेकीकडे राहायला निघाली. जाण्याआधी म्हणाली, "लुव्ही, तिकडे सगळं मिळेल, तुझा सॉस मिळायचा नाही. मला शिकव."

लुव्हीनियानं मनापासून शिकवलं. टोमॅटो किती शिजवायचे, काकवी कधी घालायची, वास कसा आला की आच कमी करायची, सगळं. आणि शेवटच्या क्षणी सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "जरा विहिरीवरून पाणी आण गं."

ओझेला भाबडेपणानं बादली घेऊन गेली.

दोन महिन्यांनी शिकागोहून पत्र आलं. ओझेलानं लिहिलं होतं, "तीनदा सॉस केला. तिन्ही वेळा फसला. आधी वाटलं शेगडी वाईट, मग वाटलं इकडचे टोमॅटो वाईट. परवा चर्चच्या जेवणाला केला, तर लोकांनी गोड बोलून ताटात तसाच ठेवला. आता कळलं, दोष माझाच आहे. वय झालं, लुव्ही. माझ्या जिभेला चव राहिली नाही आणि हाताचाही गुण गेला. मी स्वयंपाक सोडला. लेक करते ते खाते आणि खिडकीशी बसते."

लुव्हीनियानं पत्र तीनदा वाचलं. उत्तरात एकच ओळ लिहायची होती. ती सोडून तिनं बाकी सगळं लिहिलं. कोंबड्या किती अंडी देतात ते लिहिलं, पाद्रीबाबांच्या खोकल्याचं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं, "थंडीनं होतं असं कधी कधी." पत्र पेटीत टाकून ती घरी आली. खिडकीशी बसलेली ओझेला काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

ऑगस्टमध्ये गावच्या चर्चचा मोठा दिवस असे. पोटासाठी दूरच्या शहरांत गेलेली माणसं त्या रविवारी घरी येत आणि सगळं गाव झाडांखाली एकत्र जेवत असे. ओझेलाही आली, आदल्या दिवशी, शनिवारी सकाळीच. वाळली होती.

चर्चचे कारभारी, डीकन हॉलिस, मांस भाजायच्या चरापाशी उभे होते. ते म्हणाले, "सिस्टर ओझेला, उद्या तुमचा मक्याचा पाव हवाच हं!"

"मी आता काही करत नाही, डीकन. माझा हात गेला," ओझेला हसून म्हणाली.

मागे लुव्हीनिया उभी होती. तिला ते हसू बघवेना.

त्याच दुपारी लुव्हीनियाच्या घरी सॉस शिजू लागला. ओझेला दारापाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. ज्या बाईनं आयुष्यात कधी रिकामे हात ठेवले नाहीत, ती आज कांद्यालाही हात लावेना. "नको बाई. मी चिरला तर कांदाही बिघडायचा," ती म्हणाली.

सॉस दाट झाला. ती वेळ आली. लुव्हीनियाच्या तोंडून सवयीनं निघालंच, "ओझेला, जरा विहिरीवरून..."

ओझेला उठली. तिनं बादली उचलली.

"थांब," लुव्हीनिया म्हणाली. "पाणी नको. बस इथे."

तिनं फडताळातून बरणी काढली आणि ओझेलाच्या डोळ्यांदेखत वाटीभर रस पातेल्यात ओतला.

"हे काय?" ओझेलानं विचारलं.

"हे मी तुला सांगितलं नव्हतं."

मग तिनं काही लपवलं नाही. पणजी, मालकीण, वही, नियम, सगळं सांगितलं. "तुझं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. सहा महिने मला माहीत होतं, ओझेला, आणि मी तुला कोंबड्यांविषयी लिहिलं. आता तू माझ्याशी बोलणं टाकलंस, तरी मला काही म्हणायला तोंड नाही."

ओझेलानं बादली खाली ठेवली. आपले दोन्ही तळवे वर करून ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं,

"म्हणजे... माझा हात बरा आहे?"

"अगदी बरा आहे गं. कधी बिघडलाच नव्हता."

ओझेला रडू लागली, आणि रडता रडता हसू लागली. लुव्हीनियाचा जीव भांड्यात पडला. तिलाही रडू आवरेना. भीती गेली तसा ओझेलाला राग आठवला. तिनं शेगडीजवळचं फडकं उचललं आणि लुव्हीनियाच्या पाठीत दोन सणसणीत फटके दिले.

"सहा महिने! सहा महिने मी खिडकीत बसले, म्हातारी झाले म्हणून!"

"मार," लुव्हीनिया म्हणाली. "अजून मार."

दोन फटक्यांनी ओझेलाचं समाधान झालं. फडकं खांद्यावर टाकून तिनं विचारलं, "एक सांग. तुझ्या पणजीनं हे कुणापासून लपवलं?"

"मालकिणीपासून."

"मग तू मला त्या बाईच्या रांगेत कशी बसवलीस?"

सबबी सांगता आल्या असत्या, पण लुव्हीनियानं एकही सांगितली नाही. "चुकले," एवढंच म्हणाली.

ओझेला पातेल्याकडे वळली. तिनं चमचा बुडवला, फुंकर मारली आणि चव घेतली. जरा वेळ डोळे मिटून उभी राहिली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आणि मिरची घाबरत घातलीस."

तीस वर्षांत लुव्हीनियाला असं कुणी म्हणालं नव्हतं. तिनं निमूटपणे मिठाची बरणी पुढे केली. ओझेलानं मीठ घातलं, मिरची घातली, पातेलं ढवळलं, आणि मग मक्याचं पीठ कुठे ठेवलंय म्हणून ओरडा सुरू केला.

रविवारी झाडांखाली पंगत बसली. डीकन हॉलिस तिसऱ्यांदा ताट घेऊन आले. "या वर्षीचा सॉस काही औरच आहे. कुणी केला?"

"आम्ही दोघींनी," लुव्हीनिया म्हणाली. ते म्हणताना तिला इतकं मोकळं वाटलं की तिनं ते पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हटलं. ओझेलाला ऐकायला सवड नव्हती. ती पाव कापत होती आणि रांगेत घुसणाऱ्यांना दटावत होती.

तात्पर्य: लुटणाऱ्यांपासून लपवावं लागतं, यात पाप नाही, पण तीच सवय आपल्या माणसांवर चालवू नये, कारण आपण गाळलेल्या गोष्टीचा दोष ती बिचारी स्वतःकडे घेतात.